काय खायचं, काय प्यायचं हे आपलं आपण ठरवतो का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. पुण्यात हडपसरच्या बाजूला बसते आणि महिन्यातनं दोनदा बार्शीकडं आमच्या गावी. दोन्हीकडं लोक वजन, शुगर, बीपी घेऊन येतात, आणि मी चार्ट काढायच्या आधी पगार कसा येतो, घरात माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, संडास घरात आहे का बाहेर, असलं काहीबाही विचारत बसते म्हणून बरेच जण वैतागतात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच इथं लिहून ठेवते.

आम्ही डाएट विचारायला आलो, तुम्ही घरातल्या चौकशा कशाला करता?

कारण चार्ट मी एका माणसाला देते पण कुकर अख्ख्या घराचा लागतो. सुरवातीला मीपण नुसते चार्ट वाटायचे. एका सोसायटीचे वॉचमन काका आले होते, शुगर वाढलेली, त्यांना छान टाइप केलेला कागद दिला, सकाळी ८ ला नाश्ता, १ ला जेवण, ५ ला फळ, ८ ला हलकं जेवण. पुढच्या महिन्यात काका तोच कागद तशाच घडीत घेऊन आले. म्हणे मॅडम, ८ ला माझी ड्युटी सुटते, दहाला झोपतो ते तीनला उठतो, रात्री जागं राहायला चार चहा आणि पार्ले लागतात, ह्यात ते फळ कुठं बसवू? चूक माझीच होती. तेव्हापासनं आधी चौकशी.

पैसा हातात आला की माणूस आपोआप चांगलं खायला लागतो ना?

पोट भरण्यापुरतं हो. त्यापुढचं काही सांगता येत नाही.

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन माणसानं १८५७ सालीच मांडून ठेवलंय की कमाई वाढली की खर्चातला खाण्याचा वाटा कमी होत जातो. आपल्याकडं अगदी तसंच झालं. १९९९-२००० च्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या घराच्या १०० रुपये खर्चातले साधारण ५९ रुपये खाण्यावर जात होते, २०२२-२३ च्या पाहणीत ४६ वर आले. शहरात ४८ वरून ३९. आता खरी गंमत पुढंच आहे. खेड्यात धान्यावरचा खर्च १०० तल्या २२ रुपयांवरून पाचावर आला, आणि खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा आता चहापाणी, तयार खाणं आणि पाकीटबंद मालाचा आहे, जवळजवळ साडेनऊ रुपये. दुधापेक्षा जास्त, भाजीपेक्षा तर कितीतरी जास्त. म्हणजे वाचलेला पैसा डाळीत आणि भाजीत गेला असं समजू नका, बराचसा फरसाण, बिस्किट, बाटलीतलं थंड आणि टपरीवर गेला.

तेलाचा हिशोब मी सगळ्यांना करायला लावते. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी दिवसाला ४० मिलीच्या वर जातं, आणि बैठं काम करणाऱ्याला ३० ग्रॅमच्या आत पुरतं. ही बहुतेक बऱ्यापैकी कमावणारी घरं. त्याच रस्त्यावर पलीकडच्या वस्तीत तेल दहा-वीस रुपयांचं येतं, चहापत्ती पुडीनं येते, कारण मजुरी रोजची रोज हातात पडते आणि कॅन घ्यायला एकरकमी पैसे लागतात, मग किलोमागं भाव जास्त पडतो तो पडतोच. गरिबाला तेच तेल महाग मिळतं, आणि वर आपणच म्हणतो ह्यांना नियोजन जमत नाही.

आमच्या आजी-आजोबांच्या वेळी भाकरीच होती, मग चपाती कशी काय शिरली?

हा माझा आवडता विषय, त्यामुळं जरा लांबेल.

सोलापूर-मराठवाड्यात ज्वारी, त्यातही मालदांडी, नगर-नाशिककडं बाजरी, कोकणात आणि पूर्व विदर्भात भात, हा आपला जुना नकाशा. गव्हाची चपाती पाव्हणे आले किंवा सण असला तरच. आमच्याकडं तर म्हणायचे 'चपातीचं जेवण होतं', म्हणजे खास होतं. जे खास असतं ते पैसा आला की रोजचं होतं, एवढं साधं आहे ते. शिवाय ज्वारीला गरिबीचा वास चिकटला. ७२ च्या दुष्काळात अमेरिकेतनं आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा, तो खाल्लेली माणसं अजून नाव काढलं की तोंड वाकडं करतात.

मग रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदयवाल्या कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासनं तेही फुकट. हातात पडतो मुख्यतः गहू आणि तांदूळ. बरं झालं की वाईट? माझ्या मते फार बरं झालं, लोकांची पोटं त्यावर चाललीत, पण घरात गहू फुकट आल्यावर ज्वारी विकत कोण आणणार? शेतकरीपण हिशोब करतो, ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस लागतो, त्यापेक्षा सोयाबीन नाहीतर ऊस.

तिसरं कारण कुणी पुस्तकात लिहीत नाही. भाकरी हे हातातलं कसब आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, मग भाकरी थापताना चिरते, त्यामुळं दर आठ दिवसांनी गिरणी. कणीक मळून ठेवता येते, भाकरीचं पीठ जेवढ्यास तेवढंच मळायचं आणि लगेच तव्यावर. नोकरी करून साडेसातला घरी पोचलेली बाई हे कधी करणार? माझी एक ओळखीची फ्लॅटमध्ये रात्री भाकऱ्या थापायची तर खालच्या मजल्यावरनं तक्रार आली की रोज काय आपटता. तिनं चपात्यांना बाई लावली.

आता चक्र उलटं फिरलंय बघा. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं, डॉक्टर भाकरी खा म्हणतात, हुरडा पार्टीला शहरातले लोक हजार-हजार रुपये मोजतात, आणि हॉटेलात भाकरी रोटीपेक्षा महाग. आणि मालदांडीच्या मुलखातल्या माझ्या गावच्या पेशंटबाई विचारतात, मॅडम चपाती चालेल ना, भाकरी आता परवडत नाय.

नवरा-बायको एकाच घरात, एकच भाजी, मग दोघांचं खाणं वेगळं कसं?

माझ्याकडं पहिलं काम असतं काल सकाळपासनं रात्रीपर्यंत पोटात काय काय गेलं ते लिहायचं. जोडीनं आले की नवऱ्याचं सगळं बायकोच सांगते. तीन चपात्या, भाजी वाटीभर, वरून मीठ घेतात, भात अर्धा टाकतात. नवरा नुसता मान हलवतो. मग मी तिला विचारते, तुम्ही काय खाल्लं? 'आपलं असंच काहीतरी.'

ह्या असंच काहीतरीला मी आता सोडत नाही. उकरून काढलं की कळतं, कालची शिळी पोळी चहात बुडवून, दुपारी डब्यातनं परत आलेली भाजी, रात्री सगळ्यांचं झाल्यावर कढईला लागलेलं भातात कालवून. मटणाचे पीस वाढता वाढता संपले, तिच्या वाट्याला रस्सा. कुणी तिला खाऊ नको म्हटलं नाही हां, वाढणारीनं शेवटी बसायचं एवढी एकच रीत आहे, बाकीचं त्या रितीमुळं आपोआप होतं. आणि हे फक्त गरिबाघरी नाही, टॉवरमध्ये पण उरलेलं फेकवत नाही म्हणून तीच संपवते, तिथं त्यानं तिचं वजन वाढतं, गावाकडं रक्त कमी होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. सगळंच काही ताटामुळं नाही, पाळी, बाळंतपणं, जंत सगळं त्यात आहे. पण ताटही आहेच.

वेळेचं पण तसंच. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा ८८. मी जेव्हा 'रोज ताजी कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, दोन भाज्या' असं नवऱ्याच्या चार्टवर लिहिते तेव्हा ती मिनिटं कुणाच्या खात्यात पडतात ते मला माहिती असतं. म्हणून मी नवऱ्यालाच विचारते, काकडी चिरता येते का? बऱ्याच जणांना येते, कुणी सांगितलेलं नसतं.

बायकांना पाणी प्या म्हटलं तरी पीत नाहीत, का?

जायची सोय नसते म्हणून. बाजारात भाजी विकणारी, बांधकामावरची, एसटीनं प्रवास करणारी, सकाळी निघताना घोटभर पाणी पिते आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्या तोंडाला लावते. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' म्हणून बायकांनी मोहीम काढली ती ह्याच्यासाठीच, स्वच्छ, मोफत मुतारी मिळावी म्हणून. लघवीला जळजळ, मुतखडा ह्यावर औषध चालू असतं आणि त्याचं मूळ मार्केटच्या कुलूप लावलेल्या संडासात असतं. मग तहान मारायला काय, तर अर्धा कप चहा.

आणि जिथं पाणीच नाही तिथं सगळेच कमी पितात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतंय ना? टँकरच्या गावात पालेभाजी कमी शिजते, धुवायला पाणी लागतं तिला.

मुलगा पुण्यात एकटा राहतो, त्याचं खाणं का बिघडलं?

खोलीत गॅस नाही, म्हणून. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला मालक शेगडी लावू देत नाही. मग मेस. सदाशिव पेठेत एमपीएससीची पोरं राहतात त्यांच्या जेवणाचं गणित सांगते, महिन्याची मेस, दोन वेळ, रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्या फीस्टला पोरं दाबून जेवतात ते रात्रीचे पैसे वाचावेत म्हणून. आठवडाभर भाजी पातळ, बटाटा जास्त, फळ नावाला नाही. आणि सकाळी पोहे, कारण पोहे स्वस्त आणि गाडा कोपऱ्यावरच.

हे आजचंच नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातनं, साताऱ्याकडनं आलेले कामगार बायकापोरं गावी ठेवून खोलीत दाटीवाटीनं राहायचे आणि खानावळीत जेवायचे. खानावळ चालवणाऱ्या बायका किराणा उधार आणायच्या, पगार झाला की कामगार पैसे द्यायचे. ह्या बायकांना सावकाराच्या व्याजातनं सोडवायला प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या बसल्या आणि खानावळीतली पानं पण उठली. वडापाव शिफ्टच्या माणसाचं खाणं, उभ्या उभ्या, एका हातात. त्याला जंक फूड म्हणायच्या आधी मी जरा थांबते.

पोरगं लग्न झाल्यावर सुधारतं म्हणतात. सुधारतं, म्हणजे शिजवणारी मिळते. वजनही वाढतं.

जातीचा आणि धर्माचा आता काय संबंध राहिलाय?

माझ्यासमोर खुर्चीत बसलं की दिसतो. महाराष्ट्र शाकाहारी असा बाहेरच्यांचा समज असतो, पण २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत इथले १५ वर्षांवरचे साधारण ४० टक्केच लोक शाकाहारी होते. तरी लोक मला आधी 'आम्ही सगळं घरचं साधंच खातो' म्हणतात, मग अंडं, मग चिकन, सुकट-बोंबील सगळ्यात शेवटी, आवाज बारीक करून. वजडी (आतडी-पोट), रक्ती (शिजवलेलं रक्त), चान्या (वाळवलेलं मटण) हे शब्द तर मीच आधी उच्चारावे लागतात तेव्हा समोरची बाई हसते आणि खरं सांगायला लागते. स्वस्त प्रथिनं आहेत ती. आपली शिकलेली जीभ त्याला नाक मुरडते आणि वर दोन हजाराचा पावडरचा डबा लिहून देते. भाड्याचं घर शोधताना 'नॉनव्हेज खाता का' हा प्रश्न किती जणांना ऐकावा लागतो ते विचारून बघा, घर टिकवायला बांगडा तळणं बंद केलेली घरं मला माहितीयत.

२०१५ ला राज्यात बैल-वळू कापायलाही बंदी आली (गायीवर १९७६ च्या कायद्यानं आधीच होती), त्यानं ज्यांचं रोजचं स्वस्त मटण होतं त्यांच्या ताटातनं ते गेलं. त्याच्या बदल्यात कोंबडीचे पाय, नाहीतर बटाटा.

उपवासाचं वेगळंच. आठवड्याला सोमवार, गुरुवार, शिवाय चतुर्थी, एकादशी धरणाऱ्या पेशंटबाईंची शुगर बघा, साबुदाणा, बटाटा, रताळं, वर शेंगदाण्याचा कूट. गंमत अशी की साबुदाण्याचं कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळं मुळात अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आल्यानंतर इकडं पोचलेलं, आणि आपण ते उपासाला चालणारं केलं. वरईची भगर तरी घ्या म्हणते मी, ताकाबरोबर. उपवास सोडा असं सांगत नाही, तो तिचा असतो. आठवड्यातला बहुतेक तेवढाच एक दिवस तिच्यासाठी वेगळं शिजतं.

दारूचं काय? कोण पितं, कोण नाही?

त्याच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले साधारण १९ टक्के पुरुष दारू घेतात असं निघालं, बायका १.३ टक्के. महाराष्ट्रात पुरुष १४ च्या आसपास, बायका अर्ध्या टक्क्याहून कमी. हे लोकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेले आकडे आहेत, तेवढं धरून चाला. देशपातळीवर खेड्यातलं प्रमाण शहरापेक्षा थोडं जास्तच आहे, हे ऐकून शहरी लोकांना धक्का बसतो.

सोबत कोण आहे ह्यावर प्रमाण ठरतं. पगाराच्या दिवशी देशी, गटारीला मित्र, ऑफिसच्या पार्टीत 'एक तर घे', नंदुरबार-गडचिरोलीकडं मोहाची, ती सणाला आणि देवालाही लागते, तिचा हिशोब बारमधल्या क्वार्टरशी करू नये. कायद्यानं बिअर-वाईनला २१, बाकी दारूला २५ वय लागतं आणि परवाना लागतो, परवाना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. बायकांनी मात्र राज्यात फार मोठं काम केलंय, गावात मतदान घेऊन आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. गडचिरोलीत १९९३ पासनं जिल्हाबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली.

बायकांची दारू कमी, पण मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) विचारा. 'मिश्री लावली की भूक मरती', हे मला कितीतरी कामकरी बायकांनी सांगितलंय. भूक मारायचं साधन आहे ते, म्हणून नुसतं सोडा म्हणून सुटत नाही.

चहा किती चालतो?

दोन कप. साखर कमी. सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास साखर गेली, आणि दिवसभरात २५ पुरे. पण चहा नको म्हणणं म्हणजे घरी आलेल्याला उभं ठेवणं, हे मला कळतं. अर्धा कप घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना काय डाएट देता?

लाज वाटते चार्ट द्यायला. दिवाळीच्या आसपास उचल (आगाऊ पैसे) घेऊन निघायचं, नवरा-बायको मिळून एक कोयता, सहा महिने कोपीत (झोपडीत). बाई पहाटे तीन-चारला उठते, दोन्ही वेळच्या भाकऱ्या एकदमच थापते, ठेचा नाहीतर बेसन, फडक्यात बांधून फडात. गाडी भरल्याशिवाय हात तोंडाकडं जात नाही, आणि गाडी रात्री पण येते. मी एवढंच सांगते, शेंगदाणे आणि गूळ कमरेला बांधा, पाणी सोबत न्या. गूळ त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आई-बाबा दोघंच राहतात, मुलं परदेशात, पैसा आहे तरी वाळत चाललेत.

'एका जिवासाठी काय कुकर लावायचा', हे वाक्य मी आठवड्यातनं एकदा तरी ऐकते. जोडीदार गेला की पहिलं रात्रीचं जेवण जातं, त्या जागी दूध-पोहे नाहीतर चहा-बिस्किट. कवळी नीट बसत नाही म्हणून काकडी-भाकरी सुटते, गुडघे दुखतात म्हणून रात्री उठायला नको, मग संध्याकाळनंतर पाणी बंद. डबा लावा म्हटलं तर डब्यात तिखट. डबा लावताना डबेवालीला 'कमी तिखट, वरण जास्त' सांगा, आणि व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळेला करा. समोर कोणी असलं की घास जास्त जातात. माझ्या सासऱ्यांवर करून बघितलंय, अर्धी पोळी वाढली.

शिकलेले लोक तरी बरोबर खातात ना?

लेबल वाचतात. मग 'मल्टिग्रेन' लिहिलेलं बिस्किट घेतात.

तुमच्याकडं यायच्या आधी आम्ही काय तयारी करायची?

तीन दिवस लिहून आणा, त्यातला एक सुट्टीचा असू दे. खाल्लं काय, कुठं बसून, कुणाबरोबर, वाढलं कुणी आणि आणलं किती रुपयांचं. चहा, गुटखा, दारू, मिश्री सगळं लिहा, मी कुणाला सांगत नाही. घरातल्या तेलाचा कॅन कधी फोडला ती तारीख त्यावर पेननं लिहून ठेवा. रेशनकार्डावर काय काय मिळतं ते लिहा. जोडीनं येणार असाल तर दोघांचे कागद वेगळे, ज्याचा त्यानं भरायचा, नवऱ्याचा नवऱ्यानं. आणि कुणाच्याही कागदावर 'असंच काहीतरी' लिहिलेलं असेल तर मी तो परत देणार आहे, आधीच सांगून ठेवते.